बेबीताईचं संत्रं

१

गोळ्या मोजून झाल्या आणि सगळ्यांचीच पंचाईत झाली. एक जानेवारीला तीस गोळ्यांची बाटली उघडली होती. रोज एक गोळी. एकोणीस तारखेला सकाळी गोळी घेतल्यावर तासाभरात खुशालराव स्वयंपाकघराच्या दारात कोसळले, मनगट मोडलं. बाटलीत उरल्या होत्या अकरा. म्हणजे एक कमी नाही की एक जास्त नाही. आणि मुंबईच्या प्रयोगशाळेतून आलेला रक्ताचा अहवाल सांगत होता की रक्तदाबाच्या त्याच गोळीचं औषध अंगात दुपटीहून जास्त आहे.

हे सगळं संघपाल गवईला अकोल्यात शुक्रवारी सकाळी फोनवर कळलं. तो एका फार्मसी कॉलेजात औषधशास्त्र शिकवायचा. वय चोपन्न, लग्न केलं नाही, आईवडील गेले, जेवण मेसमध्ये. त्याचा फोन परीक्षेच्या दिवसांत वाजायचा, एरवी फक्त कर्ज देणाऱ्या कंपन्यांना त्याची आठवण यायची. त्यामुळे अनोळखी नंबरवर त्याने जरा तुसड्या आवाजातच ‘बोला’ म्हटलं.

“संघपालदादा, मी चंदा बोलून राहिली. वरुडच्या नर्सरीतली. तुमच्या घराच्या बाजूचं घर आमचं होतं.”

तीस वर्षांपूर्वीची दोन वेण्यांची पोरगी त्याला आठवली. आता ती अमरावतीत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे कामाला जात होती. दोन वर्षांपासून खुशालरावांकडे होती, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा.

“त्यायचा पोरगा म्हणते, मी दोन-दोन गोळ्या खाऊ घातल्या. उद्या संध्याकाळी मले पोलिसात देऊन राहिला. दादा, मी एकच गोळी देली. पोलिसाची गाडी एकदा दारात आली, तं मले या अमरावतीत कोण कामाले ठेवन? म्हातारी माणसं सांभाळणं, एवढंच येते मले.”

“माझ्याकडे कशी आलीस?”

“तुमी औषधाचे मास्तर हाये ना. दुसरं कोणीच नाही ना माह्या वयखीचं.”

आपण कुणाच्या तरी ओळखीचे आहोत, हे ऐकून त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याबद्दल लाजही वाटली. त्याने रजेचा अर्ज टाकला आणि मूर्तिजापूरमार्गे जाणारी एसटी पकडली.

२

खुशालराव हॉस्पिटलात खिडकीजवळच्या खाटेवर होते. सत्त्याहत्तर वर्षांचे, शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. मनगटाला प्लास्टर, नजर बाहेर.

मुलगा अनुप पुण्याहून आलेला. सभ्य माणूस होता, पण पाच वर्षांत बापाकडे फारसं न आल्याची बोच त्याला होती आणि ती तो चंदावर काढत होता.

“सर, हिशोब साधा आहे,” तो म्हणाला. “तीन ते दहा जानेवारी बाबा माझ्याकडे पुण्यात होते. हीच बाटली सोबत. माझी बायको गोळी द्यायची. रक्तदाब उत्तम. अकराला इथे परत आले, बारापासून उतरायला लागला. आता हॉस्पिटलात नर्स हीच गोळी देते, पुन्हा उत्तम. गोळी तीच, हात फक्त बदलले. वाईट काय ते एकाच हाताखाली होतं.”

“पण बाटलीतल्या गोळ्या बरोबर आहेत.”

“बाहेरून विकत आणल्या असतील.”

“तिचा फायदा काय?”

“माणूस गुंगीत असला की सांभाळायला सोपा जातो,” अनुप म्हणाला. असं होतं, हे संघपाललाही माहीत होतं.

डॉक्टरीणबाई गीतांजली कामाच्या घाईत होत्या, पण चोख होत्या. “चकोतऱ्याबद्दल, म्हणजे पपनसाबद्दल, मी पहिल्याच दिवशी विचारलं. हल्ली शहरात ते ग्रेपफ्रूटही मिळतं, तेही विचारलं. दोन्ही खात नाहीत. फळ म्हणजे फक्त घरच्या झाडाचं संत्रं.”

संघपालने मान डोलावली. चकोतरा आणि काही औषधं यांचं जमत नाही, हा त्याचा दरवर्षीचा तास होता. त्या तासाच्या शेवटी तो मुलांना हसवायला म्हणायचा, “आपलं संत्रं मात्र निर्दोष आहे, पोटभर खा.” वीस वर्षं हा विनोद करत होता आणि शेवटच्या बाकावरचं एखादंच पोरगं हसायचं.

तो खाटेजवळ बसला. “गुरुजी, सकाळी काय काय घेता?”

“चहा.”

“आणखी?”

“चंदानं काही केलं नाही,” खुशालराव म्हणाले. “अनुपले सांगून राहिलो मी. ऐकत नाही तो.”

“मग कोणी केलं?”

म्हाताऱ्याने संघपालकडे एकदाच पाहिलं आणि पुन्हा खिडकीकडे तोंड फिरवलं. मुख्याध्यापकाच्या खोलीत उभ्या केलेल्या पोराच्या चेहऱ्यावर असते, तशी काहीतरी लपवल्याची कळा त्यांच्या तोंडावर होती. या माणसाला काहीतरी ठाऊक आहे, आणि ते सांगण्यापेक्षा त्याला मनगट मोडलेलं परवडलं.

३

घर गाडगेनगरच्या मागच्या अंगाला होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे लहानसं अंगण. चंदाने कुलूप उघडलं. अनुपने तिला एकटीला जाऊ द्यायला नकार दिल्यामुळे शेजारचे किसनराव पहारेकरी म्हणून सोबत आले होते. निवृत्त तलाठी, वेळ भरपूर आणि मतं त्याहून जास्त.

“मी त्यायले रोज काढा देत होतो,” किसनराव स्वतःहूनच म्हणाले. “तुळस, अडुळसा, दालचिनी. अनुप म्हणते, काढ्यानं झालं असन. अरे, मी सोता पेतो तोच काढा!”

संघपालचे कान टवकारले. वनस्पतींचा काढा आणि गोळी, हे नेमकं त्याच्याच विषयातलं होतं. “शेवटचा काढा कधी दिला?”

“तीन तारखेच्या आधी. म्हंजे ते पुण्याले जायच्या आधी. मग मी नातीच्या लग्नाले अचलपूरले गेलो तो अठरा तारखेच्या रात्री आलो. एकोणीसले उठतो, तं ॲम्ब्युलन्स दारात.”

म्हणजे बारा ते एकोणीस, रक्तदाब रोज उतरत होता त्या दिवसांत, काढा घरात आलाच नव्हता. किसनराव सुटले. ते त्यांना सांगताच ते इतके खूश झाले की चहा ठेवायला आपल्या घरी निघाले.

चंदाने वही दिली. शाळकरी अक्षरात रोजचा रक्तदाब लिहिलेला. गुंगीत ठेवणारी बाई हे आकडे इतक्या निगुतीने कशाला लिहील, असं संघपालच्या मनात आलं, पण हा पुरावा नव्हता, नुसती माया होती. त्याने पानं उलटली. दिवाळीत ठीक. वीस डिसेंबरनंतर उतार. पुण्यात ठीक. मग पुन्हा उतार. त्याने मागची वही मागितली. गेल्या वर्षीही तेच, डिसेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत उतार, होळीनंतर ठीक. थंडीत म्हाताऱ्या माणसांचा दाब चढतो. इथे तो उतरत होता.

“चंदा, थंडीत या घरात काय बदलते?”

ती विचार करू लागली. “काहीच नाही, दादा. स्वेटर घालतेत. उठतेत पाचले, मी येतो आठले. तोवर काय करतेत, मले काय माईत? मी आली का पोळी-भाजी खाऊ घालतो, मंग गोळी.”

पाच ते आठ. तीन तास हा माणूस एकटा असतो. संघपालला स्वतःची सकाळ आठवली. तोही पाचला उठायचा आणि मेस उघडेपर्यंत काय करायचा, हे कुणी विचारलं असतं तर त्यालाही सांगता आलं नसतं.

तो स्वयंपाकघरात शिरला. सगळं लख्ख. फक्त वरच्या फळीवर, पिठाच्या डब्यामागे, एक लहान पितळी खलबत्ता होता. त्याने तो खाली घेतला. तळाशी पांढरी पूड चिकटलेली.

“हे काय कुटते तू?”

चंदाचा चेहरा उतरला. “मी त्याले कधी हात बी लावला नाही. आईशप्पत, दादा. मले माईतच नव्हतं, हा तिथं हाये म्हणून.”

एखाद्या विद्यार्थ्याने केलं असतं तर त्याला वर्गाबाहेर काढला असता, असं काम संघपालने केलं. बोटाने पूड उचलून जिभेवर ठेवली. आधी गोड लागलं. साखर. आणि मागून, जिभेच्या मुळाशी, कडू.

कुणीतरी कडू औषध साखरेत कुटून या म्हाताऱ्याला देत होतं. दारात किसनराव चहाचे कप घेऊन उभे होते, आणि ते आता चंदाकडे अनुपच्याच नजरेने पाहत होते.

४

चंदा ओट्याला टेकून खाली बसली. रडली नाही. रडून झालेलं होतं बहुधा.

संघपालने खलबत्ता खिडकीच्या उजेडात धरला. त्याला घाई करायची नव्हती. रक्तदाबाची ती गोळी विटकरी रंगाची होती, तिच्यावर रंगाचं कवच होतं. कुटली असती तर पांढऱ्या साखरेत विटकरी कण दिसायलाच हवे होते. एकही नव्हता. पूड नुसती साखर होती. तिच्यात थोडा ओलावा होता आणि बत्त्याच्या टोकाला एक चपटी, फिकट बी चिकटली होती.

“चंदा, त्यायच्या झाडाचं संत्रं तू खाल्लं?”

“नाही.” ती एवढ्यातही चिडून बोलली. “सारं देतेत ते. दिवाळीले साडी देली, पोराच्या फीचे पैसे देले. पण त्या झाडाचं एक फळ नाही देलं दोन वर्सात. हात लावू देत नाही. म्हणतेत, हे बेबीताईचं झाड हाये. मी म्हटलं, ठेवा बापा. एक फोड मांगतली होती म्या, तवा असे पायत राहिले, जसा जीवच मांगतला.”

बेबीताई म्हणजे खुशालरावांची बायको. वरुडकडची. पाच वर्षांपूर्वी गेली. माहेरच्या बागेतून तिने स्वतः आणलेलं कलम अंगणात लावलं होतं.

“बेबीताई गेल्यावर काय झालं?”

किसनरावांनी सांगितलं. “अनुप बापाले पुण्याले घेऊन गेला. चार महिने घर बंद. उन्हाळ्याचे दिवस. आला माणूस वापस, अन् दुसऱ्या दिवशी पहाटे पाहतो तं अंगणात करवत चालून राहिली. मी आवाज देला, तं म्हणे, काही नाही, वाळल्या फांद्या काढून राहिलो.”

संघपाल अंगणात गेला. झाड डोक्याहून उंच, चांगलं भरलेलं. केशरी फळं लटकत होती, साल जाड, खडबडीत. बुंधा कमरेपर्यंत चुन्याने रंगवलेला, संत्र्याच्या बागांत रंगवतात तसा. दुरून कुणीही संत्रं म्हणावं. त्यानेही म्हटलं असतं. पण त्याच्या बापाने, बुधाजीने, तीस वर्षं दुसऱ्यांच्या नर्सऱ्यांत मजुरीने कलमं बांधली होती. एका हंगामात संत्र्याचे हजारो डोळे, म्हणजे फांदीवरचे कोंब, खुंटांत भरायचा तो माणूस. पोराला पुस्तकातलं काही सांगता आलं नाही, पण एक सांगायचा. “फळाले पाहू नको. फळ कोणीबी पाहीन. पानाचा देठ पाय.”

त्याने पान तोडलं. देठाला दोन्ही बाजूंनी रुंद पंख होते, जणू मोठ्या पानाखाली एक लहान पान लावलेलं. संत्र्याच्या देठाला असे पंख नसतात.

तो गुडघ्यावर बसला आणि खिशातल्या किल्लीने बुंध्यावरचा चुना खरवडू लागला. वीतभर उंचीवर जुन्या कलमाची गाठ सापडली. गाठीच्या वर करवतीने कापलेलं, वाळलेलं थोटूक. सगळं हिरवं झाड त्या गाठीच्या खालून फुटलेलं होतं.

“किसनराव,” तो म्हणाला, “बेबीताईच्या माहेरी कलम कशावर बांधत होते?”

“तिचा बाप लय हट्टी. सारा वरुड जंबेरी लिंबावर बांधे, तो म्हणे, नारिंगावर बांधाचं, डिंक्या रोग लागत नाही.”

संघपालने एक फळ तोडलं आणि रुमालात गुंडाळलं. मग चंदाला म्हणाला, “चल. हॉस्पिटलात.”

५

त्याने फळ खाटेवर, चादरीच्या मधोमध ठेवलं. खुशालरावांनी डोळे मिटून घेतले. अनुप एका बाजूला, चंदा दाराशी, किसनराव तिच्यामागे. डॉक्टरीणबाईंनाही त्याने बोलावून आणलं होतं.

“हे काय, संत्रं?” अनुप म्हणाला.

“संत्रं नाही, नारिंग. कलम दोन झाडांचं असतं, अनुपराव. खाली खुंट, वर संत्र्याचा डोळा. तुमच्या आईच्या झाडाचा वरचा भाग त्या उन्हाळ्यात पाण्यावाचून मेला. मुळं जगली, आणि खुंट फुटून मोठा झाला. हे त्या खुंटाचं फळ. डॉक्टरांनी चकोतरा विचारला, बाबांनी ‘नाही’ म्हटलं, ते खरंच होतं. घरचं संत्रं खातात हे कळलं, तेव्हा कुणालाच वावगं वाटलं नाही. मलाही वाटलं नाही.”

“पण फळाने असं होतं?”

संघपालला वर्गात कधी मिळाले नव्हते तसे श्रोते आज मिळाले होते. तरी तो थोडक्यातच बोलला.

“हा कडूपणा फ्लॅवोनॉइड नावाच्या द्रव्यांचा. झाडाने त्यांना साखर जोडलेली असते. आपल्या आतड्यातले जंतू ती साखर तोडतात, मग उरलेलं अंगात शिरतं, आणि यकृत त्याला दुसरं काही जोडून बाहेर घालवतं. परकं जे जे पोटात येतं, त्याची अशी काटछाट शरीर करतंच. गोळीचीही करतं. आतड्याच्या भिंतीत एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं, ते या गोळीचा मोठा भाग रक्तात जाण्याआधीच मोडून टाकतं. गोळी बनवणाऱ्यांनी ते धरूनच तिचं माप ठरवलेलं असतं. नारिंगातली ही कडू द्रव्यं, आणि त्यांच्या सोबतीला असलेली आणखी काही, त्या विकरालाच निकामी करतात. मग गोळी न मोडता पुढे जाते. पोटात एकच गेलेली असते, रक्तात दोनची भरते.”

डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, “डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी. फळांचा हंगाम.”

“हो. पुण्यात झाड नाही, हॉस्पिटलात नाही. हात बदलले नव्हते, अनुपराव. अंगण बदललं होतं. पहाटे पाच ते आठमध्ये हे एकटे असताना खायचे. इतकं कडू की साखर कुटून लावावी लागायची. ती खलबत्त्यात आहे. साखर आणि एक बी, बाकी काही नाही.”

अनुप बापाकडे वळला. “बाबा, तुम्हाला माहीत होतं? कडू आहे, संत्रं नाही, हे?”

खुशालरावांनी डोळे उघडले.

“गोळीचं नव्हतं माहीत,” खुशालराव म्हणाले. “देवाशप्पत नव्हतं. कडू हाये, ते माहीत होतं. झाड मेलं, तेही माहीत होतं. मीच कापलं. तिनं जाताना एवढंच म्हटलं होतं, झाडाले पाणी देत जा. अन् मी तुह्याकडे जाऊन बसलो चार महिने. कोणाले सांगू? खाली फुटलं, तं म्हटलं, मूळ तं तिनंच लावलं ना. तेच खात राहिलो.”

“आणि चंदाला पोलिसात देत होतो मी! तेव्हाही बोलला नाहीत?”

“म्हटलं ना, तिनं काही केलं नाही म्हणून. झाडाचं सांगतलं असतं, तं तू आला असता पाहाले. साऱ्यायले समजलं असतं.”

अनुपने खिशातून तक्रारीचा टाइप केलेला कागद काढला, चार घड्या घातल्या आणि फाडला. मग चंदाकडे पाहून हात जोडले. “माझी चूक झाली.”

चंदाने ते ऐकलं. ती सरळ खाटेजवळ आली. इतक्या दिवसांचा संताप तिच्या चेहऱ्यावर होता आणि तो अनुपवरचा नव्हता.

“दोन वर्सं मी तुमच्यासंगं बसून राहिली, बाबा. तुमचे पाय दाबले, तुमच्या बायकोच्या गोष्टी शंभरदा ऐकल्या. एक फोड मांगतली होती. मले सांगतलं असतं, तं म्या काय बोंब मारली असती?”

खुशालरावांनी फळ उचललं. प्लास्टरच्या हाताने धरून दुसऱ्या हाताने सोलायला लागले. साल जाड होती. चंदाने मदत केली नाही. एक फोड सुटी झाली, ती त्यांनी तिच्यापुढे धरली.

तिने ती तोंडात टाकली. तिचा चेहरा इतका वाकडा झाला की एरवी सगळे हसले असते. तिने फोड चावून चावून गिळली.

“कडू हाये,” ती म्हणाली. “मेलं ते झाड, बाबा. बेबीताईचं संत्रं मेलं.”

“हो,” खुशालराव म्हणाले. “मेलं.” आणि पाच वर्षांनी पहिल्यांदा, खोलीभर माणसांसमोर, ते मोठ्याने रडले. चंदाने पदराने हात पुसला आणि त्यांच्या पाठीवर ठेवला.

६

संध्याकाळच्या एसटीने संघपाल अकोल्याला परतला. डॉक्टरीणबाईंनी गोळी बदलली होती. नारिंग मात्र बंद, ते बाईंनी दोनदा बजावलं. झाड तोडायचं का, असं अनुपने विचारलं होतं, तेव्हा संघपाल म्हणाला, “तोडू नका. मूळ जोमदार आहे. वरुडला तुमच्या आजोळच्या बागेत संत्र्याची जुनी झाडं असतील, तर एक काडी आणा. फेब्रुवारी लागला की त्याच खुंटावर डोळा भरता येतो.”

“कोण भरणार?”

“मी येईन,” असं तो म्हणून गेला होता. म्हटल्यावर स्वतःच चकित झाला होता. बापाच्या हाताखाली त्याने शेवटचा डोळा भरला, त्याला तीस वर्षं झाली होती.

खोलीवर आल्यावर त्याने पलंगाखालची पेटी ओढली. वडिलांचं सामान म्हणजे एक कोट, मजुरीची काही कार्डं आणि कलमाचा चाकू. पातं गंजलं होतं, पण लाकडी मुठीवर बुधाजीच्या अंगठ्याने पाडलेला खळगा तसाच होता. त्याने दगडावर पाणी शिंपडलं आणि पातं घासायला घेतलं.

फोन वाजला. चंदाचा होता.

“दादा, अनुपभाऊ उद्याच वरुडले जाऊन राहिले काडी आणाले. मी सोमवारपासून कामावर. अन् बाबा विचारून राहिले, तुमी याल त्या दिवशी जेवाले काय करू?”

कितीतरी वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. मेसमध्ये जे ताटात पडेल ते तो खात आला होता.

“काहीही कर,” तो म्हणाला, आणि मग घाईघाईने, ती फोन ठेवायच्या आत, “वांग्याची भाजी कर. आई करायची तशी. तुला आठवते का?”

“आठवते ना,” चंदा म्हणाली. “तुमच्याच घरी तं खाल्ली होती म्या.”